मीटरची काच धूसर झालीय? मीटर बदलण्याआधी धूसरपणा कुठल्या थरात आहे ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९९७ची कार्बोरेटरवाली मारुती ८००, वडिलांनी घेतलेली, गाडी रत्नागिरीत असते आणि अजून रोज चालते. मीटरवरची काच पांढुरकी झाली आहे आणि दुपारी मागून ऊन आलं की स्पीडचा काटाच दिसत नाही. टूथपेस्ट घासून पाहिली, थोडा फरक पडला, पण गोल गोल रेघा उठल्या. काचेचा स्प्रेही मारून झाला. गॅरेजवाला म्हणतो, अख्खा मीटर बदला, ओरिजिनल आता मिळत नाही, दुसऱ्या कंपनीचा टाकू. टाकावा का?

टाकू नका. निदान आत्ता तरी नाही. मी मीटर दुरुस्तीचंच काम करतो. माझ्याकडे ‘काच गेली’ म्हणून येणाऱ्या मीटरपैकी बऱ्याच मीटरची काच नुसत्या साबणाच्या पाण्याने साफ होते. राहिलेल्यांपैकी बहुतेक पॉलिशने निघतात. खरोखर गेलेली काच क्वचित असते, आणि तेव्हाही फक्त काच बदलायची असते, मीटर नाही. त्या मीटरमध्ये तुमच्या गाडीने आजवर कापलेल्या किलोमीटरचा आकडा आहे. मीटर बदलला की गाडीचा खरा हिशोबच गेला. उद्या गाडी विकायची झाली तर तो आकडा का जुळत नाही, हे समजावत बसावं लागतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपण ‘काच’ म्हणतो, पण ती काच नाही. त्या काळच्या बहुतेक गाड्यांत हा पारदर्शक भाग अक्रिलिकचा असतो, म्हणजे दुकानांच्या पाट्यांना वापरतात ते प्लास्टिक. अक्रिलिक उन्हात चांगलं टिकतं, हेडलाइटसारखं भराभर पिवळं पडत नाही. पण ते मऊ असतं, धुळीच्या कणानेसुद्धा ओरखडतं. आणि स्पिरिट, थिनर, पेट्रोल, अमोनियावाले स्प्रे या गोष्टी त्याला चालत नाहीत. त्यामुळे तो काचेचा स्प्रे आजपासून बंद करा. सॅनिटायझरही नको. कोविडच्या काळात अनेकांनी डॅशबोर्ड सॅनिटायझरने पुसले. त्यातलं अल्कोहोल अक्रिलिकच्या ताणलेल्या जागी, म्हणजे स्क्रूच्या भोकांभोवती आणि वाकवलेल्या कोपऱ्यांत शिरतं आणि तिथे केसासारख्या बारीक चिरा पडतात. उन्हात त्या चमकतात. अशा चिरा प्लास्टिकच्या आतपर्यंत गेलेल्या असतात, त्यामुळे कितीही घासलं तरी निघत नाहीत.

आता मुख्य काम: धूसरपणा बाहेर आहे, आत आहे, की प्लास्टिकच्या पोटात आहे, हे ठरवायचं. यासाठी काहीही खोलावं लागत नाही. गाडी सावलीत लावा. बोट पाण्यात बुडवून काचेच्या सगळ्यात धूसर जागी पाण्याचा रुपयाएवढा ठिपका ठेवा आणि त्यातून काट्याकडे बघा. ठिपक्याखाली आकडे एकदम स्वच्छ दिसले आणि बाजूला तशीच पांढुरकी झाक राहिली, तर दोष बाहेरच्या पृष्ठभागावर आहे. बारीक ओरखडे पाण्याने भरले, म्हणून प्रकाश विखुरायचा थांबला. ठिपक्याखालीही तेवढंच धूसर दिसलं तर दोष आतल्या बाजूला आहे किंवा प्लास्टिकमध्येच आहे. मग मोबाइलचा टॉर्च काचेच्या अगदी कडेने, आडवा धरा. आत तेलकट, इंद्रधनुष्यासारखी झाक दिसली तर आतून थर जमला आहे. आडव्या प्रकाशात बारीक, समांतर, चंदेरी रेषा चमकल्या तर त्या चिरा. बारीक थेंब दिसले आणि दुपारपर्यंत आपोआप गेले तर आत दमट हवा जाते आहे. आणि काहीच न दिसता सगळं नुसतं पिवळसर वाटलं तर प्लास्टिकच म्हातारं झालं आहे.

तुमच्या वर्णनावरून मला दोन्ही वाटतं. बाहेर टूथपेस्टच्या रेघा आहेतच. पण टूथपेस्टने ‘थोडाच’ फरक पडला, त्याअर्थी बाकीचा धूसरपणा आत आहे. इतक्या जुन्या गाडीत हे अगदी नेहमीचं. डॅशबोर्डचं व्हिनाइल, वायरींची आवरणं, फोम, यांत प्लास्टिक मऊ राहावं म्हणून घातलेले तेलकट पदार्थ असतात. गाडी उन्हात तापली की ते वाफेसारखे सुटतात आणि रात्री गार होणाऱ्या पृष्ठभागावर बसतात. पुढच्या काचेच्या आतून जी चिकट झाक येते, ती हीच. मीटरच्या आत ती वर्षानुवर्षं साचत राहते आणि तिच्यावर धूळ चिकटते. बाहेरून हजार वेळा पुसा, काही उपयोग नाही.

आणखी एक कारण आहे, ते कुणी तपासत नाही. तुमच्या गाडीचा स्पीडोमीटर केबलचा आहे, म्हणजे गिअरबॉक्सकडून येणारी फिरणारी तार तो चालवते. कुणी मेकॅनिकने केबल आवाज करते म्हणून तिला वरपर्यंत ग्रीस भरलं असेल, तर आतली फिरणारी तार ते ग्रीस हळूहळू वर मीटरमध्ये ढकलते. मग डायलवर, म्हणजे आकड्यांच्या तबकडीवर, खालून वर जाणारा तेलकट डाग दिसतो आणि काच आतून मळकट होते. केबलला ग्रीस लावायचंच असेल तर पातळ थर, आणि मीटरकडची वरची वीतभर तार कोरडी. तुमच्या डायलवर असा डाग आहे का, ते मीटर काढल्यावर बघा.

मीटर काढण्याचं काम घरी होतं, फक्त घाई नको. सकाळी गार वेळी करू नका. जुनं प्लास्टिक थंड असताना कडक असतं आणि खटके मोडतात. गाडी थोडा वेळ उन्हात ठेवा, डॅशबोर्ड कोमट झाला की हात घाला. सगळ्यात आधी किलोमीटरच्या आकड्याचा फोटो काढा. मग १०च्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. मीटरभोवतीच्या फ्रेमचे स्क्रू वरच्या कडेला आतल्या बाजूने असतात, आरसा किंवा मोबाइलचा कॅमेरा आत घालून आधी शोधा. ओढू नका. फ्रेम अडत असेल तर एखादा स्क्रू राहिला आहे असंच समजा. स्टिअरिंगखालचं कव्हर सैल केलं तर जागा होते. त्यानंतर मीटरचे स्वतःचे स्क्रू काढले की तो थोडा पुढे येतो, पण केबल त्याला धरून ठेवते. बॉनेटच्या बाजूने कुणालातरी केबल आत ढकलायला सांगा, म्हणजे हाताला दोन बोटं जागा मिळते. मागे हात घालून केबलच्या तोंडाचा प्लास्टिकचा खटका दाबा आणि सरळ मागे ओढा. वायरींचे सॉकेट त्यांचं कुलूप दाबूनच काढा, वायर धरून नाही. प्रत्येक पायरीला फोटो. ज्यांच्या गाडीला एअरबॅग आहे त्यांनी बॅटरी सोडवल्यावर थोडा वेळ थांबायला हवं आणि स्टिअरिंगच्या मधल्या भागाला हातच लावू नये. तुमच्या गाडीला तो प्रश्न नाही.

टेबलावर पांढरा टॉवेल पसरून मीटर त्यावर ठेवा. काच छोट्या स्क्रूंनी किंवा खटक्यांनी बसवलेली असते. खटका असेल तर प्लास्टिकची पट्टी वापरा, स्क्रू ड्रायव्हर नको. काच उचलली की खालचा डायल आणि काटा उघडे पडतात. इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून सांगतो: डायलला बोट लावायचं नाही. तो काळा मॅट रंग बोटाचा तेलकट ठसा कायमचा धरतो आणि ओल्या फडक्याने आकडे पुसले जातात. काट्यालाही हात लावायचा नाही. आतमध्ये फिरणारं चुंबक, त्यावर ॲल्युमिनियमची वाटी आणि केसासारखी स्प्रिंग, एवढ्यावर तो काटा उभा असतो. तो जरा सरकला की गाडी उभी असताना १० दाखवायला लागतो. धूळ असेल तर कॅमेऱ्यासाठी मिळतो तो रबरी फुंकर-फुगा वापरा, फार तर मऊ केसांचा ब्रश. गॅरेजची हवा मारू नका. तिच्यात पाणी आणि तेल असतं, आणि जोर इतका की स्प्रिंग वाकते. मग मीटरवर स्वच्छ डबा उपडा झाकून बाजूला ठेवा आणि फक्त काच घेऊन नळावर जा.

काच आधी नुसत्या वाहत्या पाण्याखाली धरा, दोन्ही बाजूंनी. यात धुळीचे कण निघून जातात. ते न काढता चोळलं तर तेच पॉलिश पेपरचं काम करतात. मग कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब घालून बोटाच्या पेराने हलके हलके फिरवा. स्क्रबर नको, स्पंजची हिरवी बाजू तर मुळीच नको. आतली बाजू चिकट असेल तर पाच मिनिटं त्याच पाण्यात बुडवून ठेवा आणि पुन्हा करा. बोटाखाली तो थर आधी बुळबुळीत लागतो आणि मग एकदम ‘कचकच’ असा स्वच्छ स्पर्श येतो. तो आला की थांबा. शेवटी बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड वॉटर वरून ओता, म्हणजे नळाच्या पाण्याचे पांढरे ठिपके राहत नाहीत. पुसू नका. काच उभी ठेवा, पाणी आपोआप निथळू द्या, राहिलेले थेंब मायक्रोफायबरने नुसते टिपून घ्या.

आता खिडकीजवळ वर्तमानपत्रावर धरून बघा. अक्षरं स्वच्छ दिसली तर काम झालं, पॉलिशच्या नादाला लागू नका. तुमच्या बाबतीत बाहेरच्या टूथपेस्टच्या रेघा राहतील, त्यांच्यासाठी पुढचं.

ओरखड्यावरून नख फिरवा. नख अडत नसेल तर पॉलिश पेपरची गरज नाही. प्लास्टिकसाठीचं बारीक पॉलिश, किंवा गाडीच्या रंगावरचं शेवटच्या हाताचं फिनिशिंग पॉलिश मऊ सुती कपड्यावर घेऊन हाताने फिरवा. मेणचट चकाकी आणणारं नाही, खरंच घासणारं हवं. टूथपेस्टमध्येही घासणारे कण असतात, म्हणून ती थोडंफार काम करते. पण ते कण कमी-जास्त आकाराचे असतात आणि कोरडं झालं की त्याच रेघा उठतात, ज्या तुमच्याकडे उठल्या आहेत.

नख अडलं तर मात्र वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात भिजवून वापरायचा पॉलिश पेपर लागेल. डेंटिंग-पेंटिंगवाल्यांच्या दुकानात १०००, १५००, २००० आणि ३००० नंबरचे पेपर मिळतात. नख चांगलंच अडत असेल तर १०००पासून, जेमतेम अडत असेल तर २०००पासूनच सुरू करा. १०००हून कमी नंबरचा, म्हणजे जास्त खरखरीत पेपर हातातच घेऊ नका. पेपर आधी पाण्यात भिजत ठेवा, पाण्यात साबणाचा थेंब असू द्या. सपाट भागासाठी पेपर खोडरबरावर गुंडाळा, गोलाईच्या भागाला जाड स्पंजवर. पहिला नंबर आडवा घासला तर पुढचा उभा. असं केलं की मागच्या नंबरच्या रेषा पूर्ण गेल्या की नाहीत, ते लगेच दिसतं. एकजरी जुनी रेष राहिली तरी पुढच्या नंबरवर जायचं नाही. शेवटी पॉलिश केल्यावर नेमकी तीच रेष उन्हात उठून दिसते आणि पुन्हा मागे यावं लागतं. प्रत्येक नंबरनंतर काच, खोडरबर, हात, भांडं, सगळं धुवायचं आणि पाणी बदलायचं.

या टप्प्यावर काच दुधासारखी पांढरी दिसेल आणि छातीत धस्स होईल. ते बरोबर आहे. झाक एकसारखी आहे ना, एवढंच बघा. एका जागचा खोल ओरखडा काढायला तेवढीच जागा घासत बसलात तर तिथे खळगा पडतो, आणि गाडी चालवताना त्या जागी आकडे लाटेसारखे हलतात. म्हणून पूर्ण पृष्ठभाग सारखा घ्यायचा. एखादा ओरखडा फारच खोल असेल आणि तो काट्याच्या वाटेत नसेल तर राहू द्या. ८०च्या आकड्यावर लाट येण्यापेक्षा कोपऱ्यात एक रेघ बरी. आतल्या बाजूला पेपर लावायचा नाही, तिथे ओरखडे नसतातच.

३०००नंतर पॉलिश. हाताने वेळ लागतो पण चूक होत नाही. ड्रिलला स्पंजचं पॅड लावून करणार असाल तर सगळ्यात कमी वेग ठेवा, पॅड ओलसर ठेवा आणि एका जागी थांबू नका. अक्रिलिक साधारण १०० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडतं आणि घासल्याच्या उष्णतेने तिथवर जायला काही सेकंद पुरतात. मग पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. मधूनमधून काच गालाला लावून बघा, गरम लागली तर थांबा. काही जण गॅसची ज्योत फिरवून चमक आणतात, काही क्लोरोफॉर्मची वाफ देतात. पाटीच्या कडांना ते ठीक असेल, ज्यातून आकडे वाचायचे आहेत त्या काचेला नाही. हेडलाइटला लावतात तो क्लिअर कोटचा स्प्रेही इथे मारू नका. हेडलाइट पॉलिकार्बोनेटचे असतात, त्यांना उन्हापासून वाचवायला तो थर लागतो. अक्रिलिकला त्याची गरज नाही, आणि त्यातल्या थिनरने उलट चिरा पडू शकतात. नव्या गाड्यांतल्या काही मीटरच्या काचांवर मात्र कारखान्यातूनच कडक थर असतो आणि तो पापुद्र्यासारखा सुटतो. ते प्रकरण वेगळं, तिथे घासण्याआधी कुणाला तरी दाखवा.

चिरा असतील तर? मग बदला, पण फक्त काच. पुण्यात जुन्या बाजारात किंवा मुंबईत कुर्ल्याला जुन्या भागांच्या दुकानांत ८००चे मीटर मिळतात. बंद पडलेला, काटा तुटलेला चालेल, काच चांगली हवी. फक्त तुमच्याच वर्षांच्या आसपासचा घ्या आणि जुनी काच सोबत न्या, कारण मधल्या काळात आकार बदलले आहेत. घेताना टॉर्च आडवा धरून चिरा बघा, पाण्याचा ठिपका ठेवून बघा. बाहेरून मळका असेल तर उत्तम, स्वस्तात मिळतो आणि मळ तुम्ही धुणारच आहात. काच सपाट असेल, अशा काही जुन्या गाड्या आहेत, तर पाट्या बनवणाऱ्याकडून २ मिलिमीटरच्या अक्रिलिकमधून लेसरवर कापून घेता येते. लेसरने कापलेल्या कडेत ताण राहतो, म्हणून तिला चुकूनही स्पिरिटने पुसू नका, कडेपासून चिरा सुरू होतात. गोल, धातूच्या कडीच्या जुन्या मीटरांना बहुधा खरी काच असते. तिला पॉलिश पेपर चालत नाही, पण काचवाला त्या मापाची नवी कापून देतो.

बसवण्याआधी शेवटचं विघ्न म्हणजे धूळ. अक्रिलिक कोरड्या कपड्याने पुसलं की त्यावर स्थिर वीज साठते. मग ते हवेतली धूळ ओढतं, आणि कधी कधी काटासुद्धा काचेकडे खेचला जातो. म्हणून आतली बाजू शेवटी किंचित ओलसर मायक्रोफायबरने एकदाच पुसा, वाळू द्या, डायलवर फुग्याने फुंकर मारा आणि लगेच काच बंद करा. पंखा बंद ठेवा. आमच्याकडे हे काम आम्ही सकाळी, फरशी ओली पुसून घेतल्यावर करतो.

मीटर हातात आहेच तर मागचे बल्ब बघा. कुणी जास्त वॅटचे टाकले असतील तर त्यांच्या उष्णतेने वरचा भाग तपकिरी होतो. मूळ वॅटचेच टाका. एलईडी टाकायचे असतील तर डायलच्या उजेडापुरते ठीक. बॅटरीच्या खुणेचा बल्ब मात्र साधाच राहू द्या, कारण बऱ्याच गाड्यांत त्या बल्बमधून जाणाऱ्या करंटवरच आल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारा भाग, चार्जिंग सुरू करतो.

फ्रेम लावण्याआधी बॅटरी जोडा, चावी फिरवा, ऑइलचा, बॅटरीचा, हँडब्रेकचा दिवा, इंडिकेटर, पेट्रोलचा काटा सगळं तपासा. केबल आत गेल्यावर ‘टक्’ आवाज यायला हवा. मग गाडी गल्लीत फिरवून आणा. काटा थरथरत असेल तर केबल कुठेतरी जास्त वाकली आहे, तिचा मार्ग सरळ करा.

रत्नागिरीत असल्यामुळे एक तपासणी जास्तीची. सकाळी काचेत थेंब दिसत असतील तर कुणालातरी पाइप घेऊन पुढच्या काचेवर पाणी मारायला सांगा आणि तुम्ही आत बसून डॅशबोर्डखाली हात घाला. पुढच्या काचेचं रबर कडक होऊन कोपऱ्यातून पाणी झिरपतं आणि थेट मीटरच्या मागे उतरतं. केबल जिथून इंजिनकडे जाते ते रबरी बूचही बघा, फाटलं असेल तर बदला. ही गळती राहिली तर पुढच्या पावसाळ्यात काच पुन्हा तशीच होईल आणि मीटरच्या मागची वीज नेणारी छापील पट्टीही गंजेल.

गाडी कुणी धुवायला येत असेल तर त्याला सांगा की बॉनेट पुसलेलं फडकं मीटरला लावायचं नाही. आडव्या टॉर्चमध्ये दिसणारे निम्मे ओरखडे त्याच फडक्याचे असतात. डॅशबोर्डला चमक आणणारा सिलिकॉनचा स्प्रे काचेवर उडू देऊ नका, कपड्यावर घेऊन लावा. मीटरसाठी जुन्या मलमलीचा एक तुकडा वेगळा ठेवा. आधी ब्रशने धूळ झटका, मग तो तुकडा साध्या पाण्यात पिळून एका दिशेने पुसा.